टेक्सासच्या धुरामागे चार दिवस

माझे मामा वसईहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले ते नेमके प्रायश्चित्तकाळात. चाळीस दिवस त्यांनी मांसाला हात लावला नाही, आणि ईस्टरच्या दुपारी जेवून उठता उठता मनातली गोष्ट सांगितली. "इथं म्हणे बैलाची छाती रात्रभर धुरावर ठेवतात. ते मला दाखव. नासा-बिसा नंतर बघू."

मामांनी आयुष्यभर केळीची वाडी केली, पण गावात त्यांची ओळख दुसऱ्याच कामासाठी आहे. लग्नाघरी मोठ्या टोपांखालचा जाळ त्यांच्या ताब्यात असतो. सरपण कोणते आणायचे, निखारे कधी ओढायचे आणि झाकण कधी उघडायचे, हे चाळीस वर्षे त्यांच्याच शब्दाने ठरत आले आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, तेव्हापासून आमच्याकडे बीफ म्हणून जे मिळते ते म्हशी-रेड्याचे असते. त्यामुळे खाण्याची ओढ होतीच. परंतु एक अख्खा तुकडा बारा-चौदा तास शिजवताना जाळ सांभाळतात कसा, हे पाहण्याची ओढ त्याहून अधिक होती. सामानात मामींनी भरून दिलेली, आमच्या वसईकडच्या 'बाटली मसाला' नावाच्या तिखट मसाल्याची एक छोटी बाटली होती. "अळणी लागलं तर असू दे," असे म्हणत मामांनी ती गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली.

गुरुवार ते रविवार असा बेत ठरवला, कारण ज्या एका ठिकाणी जायचेच होते ते फक्त शनिवारी उघडते.

गुरुवार: एक चूक आणि लॉकहार्ट

ह्यूस्टनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या दहा क्रमांकाच्या महामार्गाने निघालो. ब्लूबॉनेटचा निळा बहर ओसरला होता, पण रस्त्याच्या कडेला इंडियन ब्लँकेटची लाल-पिवळी फुले मैलोगणती पसरली होती. दुपारी भूक लागली आणि मी पहिली चूक केली. महामार्गालगतच्या एका भल्यामोठ्या उपाहारगृहाला फोनवर शेकडो तारे मिळालेले दिसले, म्हणून गाडी आत घेतली. नाव सांगत नाही. मांस राखाडी रंगाचे, कडा वाळलेल्या, आणि वरून गोड लाल सॉसचा इतका मारा की खाली मांस आहे की पुठ्ठा, हे कळू नये. मामांनी दोन घास खाल्ले, हात पुसले आणि शांतपणे उठून इमारतीला वळसा घालून आले.

"मागं सरपण नाही," ते म्हणाले. "एक काटकीसुद्धा नाही."

पुढचे चार दिवस आम्ही हीच परीक्षा लावली आणि तिने एकदाही दगा दिला नाही. मोठ्या वर्दळीच्या अनेक ठिकाणी हल्ली गॅसवर किंवा विजेवर तापणारी पोलादी कपाटे असतात आणि त्यांत धुरापुरता एखादा ओंडका टाकतात. तसल्या कपाटातूनही बरे मांस निघू शकते, परंतु जो लाकडावरच शिजवतो त्याच्या मागच्या अंगणात ओंडक्यांची रास दिसल्याशिवाय राहत नाही, आणि ती लपवावी असे त्यालाही वाटत नाही.

रंगवलेले तेलाचे पंप आणि कलिंगडासारखी पाण्याची टाकी मिरवणारे लुलिंग मागे टाकून तीनच्या सुमारास लॉकहार्टला पोहोचलो. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये या छोट्या गावाला राज्याची बार्बेक्यू, म्हणजे लाकडाच्या धुरावर शिजवलेल्या मांसाची, राजधानी म्हणून जाहीर केले. चौकात १८९४ सालचे जिल्हा न्यायालय आहे, आणि त्याच्यापासून चार पावलांवर स्मिटीज मार्केट.

स्मिटीजमध्ये मागच्या वाहनतळाकडून शिरावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. दार उघडताच डोळ्यांसमोर अंधार येतो, कारण भिंती आणि छत काजळीने काळे ठिक्कर झालेले आहेत. मग पायांशी उजेड दिसतो. विटांच्या लांबलचक भट्टीच्या तोंडाशी, थेट जमिनीवर, ओंडक्यांचा उघडा जाळ पेटलेला असतो आणि गिऱ्हाइकांची रांग त्याच्या अगदी शेजारून जाते. कठडा नाही, काच नाही. रांगेतली एक आई आपल्या मुलाला दंडाला धरून अलीकडे ओढत होती. मामा मात्र उकिडवे बसले आणि धूर कुठून कुठे जातो ते पाहू लागले. जाळ एका टोकाला, धुराडे दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या विटांच्या बोगद्यात मांस. म्हणजे ज्वाला मांसाला शिवत नाही, धूर आणि ऊब मात्र त्याच्यावरूनच वाट काढतात. "भट्टी म्हणजे आडवं धुराडंच आहे की," मामा म्हणाले. इतक्या थोड्या शब्दांत मला ते कधी सांगता आले नव्हते.

मांस इथे वजनावर मिळते. कापणारा माणूस मोठ्या सुरीने काप काढतो, तराजूवर ठेवतो आणि जाड तपकिरी कागदात गुंडाळून हातात देतो. सोबत पांढरा पाव किंवा खारी बिस्किटे. या रिवाजामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि चेक प्रदेशातून आलेल्या स्थलांतरितांनी या भागात खाटकाची दुकाने थाटली. न खपलेले मांस नासू नये म्हणून ते धुरावर शिजवत आणि उरल्यासुरल्याचे सॉसेज करत. कापूस वेचायला आलेले मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजूर ते कागदावरच विकत घेत आणि दुकानातल्या फळीवरची बिस्किटे, कांदा, लोणच्यातली काकडी यांच्याबरोबर तिथेच खात. ताटे आणि टेबले पुष्कळ नंतर आली.

आम्ही अर्धा पौंड ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, आणि एक सॉसेज घेतले. सॉसेजला सुरी लावताच रस माझ्या सदऱ्यावर उडाला. तो डाग अजून गेलेला नाही.

या इमारतीची गोष्ट मामांना फार भावली. इथे १९०० साली क्राइट्स कुटुंबाने दुकान सुरू केले आणि १९४८ मध्ये 'स्मिटी' श्मिट यांनी ते विकत घेतले. धंदा त्यांच्या हयातीतच मुलांकडे गेला होता; ते १९९० मध्ये वारले, तेव्हा इमारत मुलीकडे गेली. पुढे भाडेकराराचे जमेना. शेवटी १९९९ मध्ये भाऊ क्राइट्स मार्केट हे नाव घेऊन त्याच रस्त्याने थोडे पुढे नव्या जागेत गेला, आणि बहिणीने जुन्या इमारतीत वडिलांच्या टोपणनावाने स्मिटीज सुरू केले.

"घर तिला, वाडी त्याला. आपल्याकडच्यासारखंच," मामा म्हणाले आणि मग थांबून त्यांनी विचारले, "पण चूल कोणाकडे गेली?"

उत्तर मला ठाऊक होते. भावाने जुन्या भट्टीतले निखारे एका पत्र्याच्या घमेल्यात भरून रस्त्याने नव्या इमारतीत नेले आणि त्यांवरच नवी भट्टी पेटवली. म्हणजे निखारे त्याच्याकडे गेले आणि चूल तिच्याकडे राहिली. मामांनी बराच वेळ मान डोलावली.

संध्याकाळी अर्थातच क्राइट्सलाही गेलो. इमारत गोदामाएवढी मोठी, आणि जाळ इथेही उघड्यावरच. इथे सॉस नाही आणि काटेही नाहीत, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा बाणा होता. अलीकडे तो नियम सैल झाला आहे. आम्ही ब्रिस्केट टाळून खांद्याचा तुकडा घेतला, कारण १९६० च्या दशकाच्या आधी, म्हणजे ब्रिस्केटचा बोलबाला होण्यापूर्वी, या भागात खांदा आणि पुढच्या धडाचे इतर तुकडेच अधिक चालत. त्याला चरबी कमी आणि गोमांसाची स्वतःची चव जास्त. मामांनी खिशातली मसाल्याची बाटली चाचपली, पण उघडली नाही. मीठ आणि मिरी एवढ्यावर ते भागले होते.

शुक्रवार: भट्टीमागचा तास

रात्री विजांसह जोरदार पाऊस झाला आणि पहाटे हवा धुऊन निघाली. मामा पाचलाच उठून बाहेर पडले होते. सहाला परत आले ते एका दुकानाच्या मागच्या अंगणात काम करणाऱ्या तरुणाशी खाणाखुणांनी ओळख करूनच. त्याने आम्हाला तासभर भट्टीपाशी उभे राहू दिले. संपूर्ण प्रवासात मी सर्वांत अधिक शिकलो ते या तासात.

लाकूड पोस्ट ओकचे. मध्य टेक्सासात हेच झाड मुबलक, म्हणून इथली चव त्याची. पूर्वेकडे हिकरी वापरतात आणि पश्चिमेकडे मेस्कीट. तोडलेले ओंडके महिनोन्महिने वाळवतात. मामांनी दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहिले. एक खणखणीत वाजला आणि दुसरा दबका. दबका त्यांनी बाजूला ठेवला, तेव्हा तो तरुण हसला आणि त्यानेही तो राशीच्या मागे टाकला. मग त्याने धुराड्याकडे बोट दाखवले. पांढरा, दाट धूर निघाला तर लाकूड गुदमरते आहे असे समजावे. तो मांसाला कडवट चव देतो. धूर जेमतेम दिसावा, आणि दिसला तर निळसर दिसावा. मामांना भाषांतराची गरजच पडली नाही.

आच साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअस आणि वेळ बारा तासांहून अधिक. छाती हा बैलाच्या पुढच्या भागाचे वजन पेलणारा स्नायू असल्याने तिच्यात चिवट संयोजी ऊतक भरपूर असते. भर आचेवर हा तुकडा चामड्यासारखा होतो. मंद आचेवर मात्र ते ऊतक हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन बनते. पायांच्या रश्शाला ज्यामुळे चिकटपणा येतो तेच हे. गंमत अशी की मांसाचे तापमान पासष्ट-सत्तर अंशांच्या आसपास पोहोचले की तिथेच तासन्‌तास अडून बसते. नवखा माणूस इथे घाबरून जाळ वाढवतो. प्रत्यक्षात मांसातले पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असते आणि त्या वाफेमुळे मांस थंड होत राहते. हे समजावून सांगितल्यावर मामा म्हणाले, "घाम येतो त्याला. येऊ द्यावा." या टप्प्यावर पुष्कळ जण तुकडा गुलाबी खाटीक-कागदात गुंडाळतात आणि मांस पंचाण्णव अंशांच्या जवळ गेले की उतरवून तासन्‌तास मुरू देतात.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी, कारण आपल्या मंडळींच्या गाडीत एखादा तरी तसा असतोच: टर्की, कोंबडी आणि डुकराच्या बरगड्या बहुतेक ठिकाणी मिळतात. सॉसेज मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण लॉकहार्टकडचे सॉसेज प्रामुख्याने गोमांसाचे असते. शाकाहारी दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीतही मांसाचे तुकडे असू शकतात. कापण्याचा पाट आणि सुरी सर्वांना एकच, हेही ध्यानात ठेवावे.

ऑस्टिनचा दिवस थोडक्यात सांगतो. अकराव्या रस्त्यावरच्या फ्रँकलिन बार्बेक्यूची रांग आम्ही फक्त पाहिली. २००९ मध्ये एका ट्रेलरमधून सुरू झालेल्या या दुकानाच्या आरन फ्रँकलिन यांना २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या आचाऱ्यांचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तिथे सकाळपासून खुर्च्या टाकून बसणे हा आता सहलीचाच एक प्रकार झाला आहे. मामांचे गुडघे शनिवारसाठी राखून ठेवायचे होते. आम्ही ला बार्बेक्यूकडे वळलो. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने टेक्सासची पहिली यादी २०२४ मध्ये काढली, तेव्हा शहरातल्या ज्या तीन बार्बेक्यूंना तारा मिळाला त्यांपैकी हे एक. ब्रिस्केटचा काप लोण्यासारखा मऊ होता आणि त्याच्या कडेची काळी साल चघळत मामा म्हणाले, "खरवड आहे ही." दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे असल्याने आठलाच झोपलो.

शनिवार: लेक्सिंग्टन आणि टेलर

पहाटे चारला निघालो. ऑस्टिनच्या ईशान्येला सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे लेक्सिंग्टन हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव, आणि तिथले स्नोज बीबीक्यू आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी सकाळी आठला उघडते. शनिवारीच गावात गुरांचा लिलाव असतो. शेतावर धुके होते, रस्त्यावर एकही दिवा नव्हता, आणि गावात वळण्यापूर्वीच मामांनी खिडकीची काच खाली केली. "आलं," ते म्हणाले. मला वास यायला आणखी अर्धा मैल लागला.

पाचला पोहोचलो तरी आमच्यापुढे पन्नास-साठ माणसे होती. काही मध्यरात्रीपासून पांघरुणे घेऊन बसली होती. आमच्या पुढे डॅलसहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मामांना आपल्याकडची जादा घडीची खुर्ची दिली. मामा गाडीकडे गेले आणि सुकेळ्यांचे पुडके घेऊन आले. वसईची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवलेली. मामांच्या स्वतःच्या वाडीतली. शिक्षिकाबाईंनी एक चावून पाहिले, पुढच्याला दिले, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि बघता बघता ते पुडके रांगेत पंधरा माणसे पुढे गेले. कोणीतरी विचारले की हे कोणत्या लाकडाच्या धुरावर केले आहे. "धूर नाही, ऊन," मामांनी सांगितले आणि आकाशाकडे बोट दाखवले, जिथे अजून चांदणे होते. बदल्यात आम्हाला कॉफी आली, पेकन या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा घरी भाजलेला गोड 'पाय' आला, आणि लिलावाला गुरे घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याकडून आपल्या बैलाचे वजन किती भरले याची सविस्तर हकिगतही आली.

स्नोज सुरू झाले २००३ मध्ये. टेक्सास मंथली या मासिकाने २००८ मध्ये ते राज्यात पहिले ठरवले, तोवर गावाबाहेर कोणाला त्याचे नाव माहीत नव्हते. २०१७ मध्ये पुन्हा पहिले. भट्ट्या मागच्या उघड्या शेडमध्ये आहेत आणि तिथवर जाऊन पाहायला कोणी मज्जाव करत नाही. तिथे टूट्सी टोमानेट्झ यांचे राज्य. जन्म १९३५ चा. आठवडाभर शाळेच्या देखभालीचे काम आणि शनिवारी भट्टी, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे होता. आम्ही गेलो तेव्हा त्या लांब दांड्याच्या फावड्याने निखारे उचलून मांसाखाली पसरत होत्या, आणि मग बादलीतल्या पातळ मिश्रणात बुडवलेल्या छोट्या झाडूने डुकराच्या खांद्याचे काप भिजवत होत्या. वेळ पाहायला घड्याळ नाही, आच पाहायला फारसे यंत्र नाही; झाकणावर तळहात ठेवला की पुरे. मामा डोक्यावरची टोपी हातात घेऊन दहा मिनिटे उभे होते. परत येताना एवढेच म्हणाले, "हिला कोण सांगणार, झाकण कधी उघडायचं ते!"

साडेनऊला आमचा नंबर लागला. अर्धा पौंड चरबीचे ब्रिस्केट आणि एक डुकराचा काप. इथे एका कापाचे वर्णन करायलाच हवे. जाडी पेन्सिलीएवढी. वरच्या कडेला कोळशासारखी काळी पण चमकदार साल, तिच्याखाली बोटाच्या पेराइतकी गुलाबी किनार, मग तपकिरी मांस आणि मध्ये अर्धपारदर्शक झालेली चरबी. गुलाबी किनार म्हणजे कच्चे मांस नव्हे. धुरातले वायू मांसातल्या तांबड्या रंगद्रव्याला धरून बसतात म्हणून तो रंग टिकतो. मी काप मधोमध तर्जनीवर ठेवला. तो दोन्ही बाजूंना केळीच्या कोवळ्या पानासारखा लवला, पण तुटला नाही. दोन टोके धरून हलकेच ओढल्यावर मात्र रेषेवर अलग झाला. आपोआप तुटला तर जास्त शिजला, ओढूनही तुटला नाही तर कमी शिजला. तोंडात घातल्यावर आधी मिरी, मग धूर आणि मग पुष्कळ वेळ नुसते गोमांस. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर साचलेली चरबी पावाने पुसून खाल्ली, आणि त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

मागवताना 'लीन' आणि 'मॉइस्ट' असा प्रश्न येतो: पहिला चपटा, कमी चरबीचा स्नायू आणि दुसरा त्यावरचा चरबीयुक्त. पहिल्यांदा खाणाऱ्याने दुसराच घ्यावा. माणशी पाव किलोच्या आत मांस पुरते. दर सध्या पौंडाला तीसेक डॉलरच्या वर आहे, म्हणून डोळ्यांच्या भुकेने मागवू नये. बहुतेक चांगली दुकाने माल संपला की बंद होतात, त्यामुळे पाटीवरच्या वेळेवर विसंबू नये. अनेक ठिकाणी सोमवार-मंगळवार सुट्टी असते आणि लुलिंगच्या सिटी मार्केटसारखी काही रविवारी बंद असतात.

परतीच्या वाटेवर पन्नासेक किलोमीटरवर टेलर लागते. तिथे १९४९ पासून चालत आलेले लुई म्युलर बार्बेक्यू आहे. शुक्रवारी जिथे खाल्ले त्या ला बार्बेक्यूच्या संस्थापक लीॲन म्युलर या लुईंची नात. त्या २०२३ मध्ये वारल्या. गाडीत दोन तास झोप काढून दीडच्या सुमारास आत शिरलो. उंच छताचे मोठे दालन, भिंती धुराने मधाच्या रंगाच्या झालेल्या, आणि एका फलकावर गिऱ्हाइकांनी टाचलेली शेकडो कार्डे. नवीन कार्ड पांढरे, काही वर्षांपूर्वीचे चहाच्या रंगाचे, आणि सर्वांत जुने इतके काळपट की नाव वाचता येत नाही. रांगेत असतानाच कापणाऱ्याने आम्हा दोघांना जळक्या टोकाचा एकेक तुकडा चाखायला दिला. इथली ख्याती बैलाच्या बरगडीची. एकच घेतली, मामांच्या कोपरापासून मनगटाएवढी लांब, भरड मिरीने झाकलेली. मामांनी हाड धरून ओढले आणि ते स्वच्छ, पांढरे, एकही रेषा न चिकटता बाहेर आले. त्या एका बरगडीत आम्हा दोघांचे जेवण झाले आणि रात्री कोणालाही भूक लागली नाही.

रविवार: लॅनोची वेडी बाभूळ

सकाळी ऑस्टिनमधल्या चर्चमध्ये मिस्सा ऐकून वायव्येला निघालो. तासाभराने मातीचा रंग बदलला, गुलाबी ग्रॅनाइटचे खडक वर आले आणि ओक विरळ होऊन काटेरी झुडपे सुरू झाली. लॅनोच्या अलीकडे एका वळणावर मामांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एका झाडाची फांदी वाकवली, काटा बोटाने चाचपला आणि ओरडले, "अरे, ही तर वेडी बाभूळ!"

ते बरोबर होते. टेक्सासातले मेस्कीट आणि आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही एकाच कुळातली सख्खी भावंडे. तिकडे शेतकरी जिला शिव्या देतात, तिच्यावर इथे मांस शिजते.

लॅनोतल्या कूपर्समध्ये, जे १९६२ पासून आहे, पद्धतच निराळी. भट्ट्या बाहेर, दारातच. मेस्कीटचे ओंडके वेगळ्या चुलाणात जाळून त्यांचे निखारे करतात आणि ते फावड्याने मांसाखाली टाकतात. म्हणजे धूर कमी आणि थेट आच जास्त. जड झाकण वर होते, आपण बोट दाखवायचे, माणूस तुकडा काढून देतो. डुकराचा दोन बोटे जाड काप इथला विशेष. ब्रिस्केट मला लेक्सिंग्टनच्या मानाने कोरडे आणि जरा उग्र लागले. मामांना मात्र संपूर्ण प्रवासात हेच सर्वांत आवडले. पोपटीच्या मडक्याभोवती पसरलेल्या आगीची ऊब आणि लग्नातल्या कोंबडीखालचा निखारा त्यांना इथे सापडला असावा.

"धूर लेक्सिंग्टनचा चांगला," ते म्हणाले, "पण जाळ इथला." यावरून आमचा परतीच्या चार-साडेचार तासांत वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

बांधून आणणाऱ्यांनी ब्रिस्केट काप न करता अख्खा तुकडा घ्यावा आणि घरी कागदासकट मंद ओव्हनमध्ये तापवावा. कापून आणलेले दुसऱ्या दिवशी वाळून जाते. बर्फाची पेटी सोबत असू द्यावी, कारण टेक्सासच्या उन्हात गाडी तासाभरात भट्टी होते.

सोमवारी सकाळी मी कामावर गेलो आणि संध्याकाळी परत आलो तेव्हा अंगणात छोटी शेगडी पेटलेली होती. मामांनी आणलेल्या ब्रिस्केटचे बोटभर तुकडे करून निखाऱ्यावर पुन्हा खरपूस केले होते, परातीत जाडे पोहे भिजवून ठेवले होते, कांदा आणि बटाटा तळलेला होता. आगाशीचे भुजिंग कोंबडीचे असते. हे बैलाचे होणार होते. चार दिवस न उघडलेली मसाल्याची बाटली त्यांनी आता उघडली, तळहातावर मसाला ओतून घेतला आणि मला म्हणाले, "ते धुराडं बंद कर रे वरचं. पोह्यांना वास लागू दे."